काचेची रबरपट्टी पांढरी पडली? बेगम बाजाराच्या फेरीत काय आणायचं, काय टाळायचं

देगलूर, बिलोली, उदगीर, बिदर, जहीराबाद या पट्ट्यातल्या माणसाला बेगम बाजार कुठे आहे हे सांगावं लागत नाही. लग्नाची भांडी असोत, किराणा दुकानाचा माल असो की सुकामेवा, महिन्या-दोन महिन्यांतून कोणीतरी गाडी काढून हैदराबाद गाठतंच. निजाम अली खान यांच्या काळात हमदा बेगम यांनी व्यापाऱ्यांना ही जागा दिली, म्हणून नाव पडलं बेगम बाजार. आज उस्मानिया दवाखान्यापासून पुढे गल्लीमागून गल्ली नुसता घाऊक माल.

आपण सावलीत भाव करत फिरतो आणि गाडी मात्र दिवसभर उन्हात उभी. संध्याकाळी पिशव्या भरायला परत आलो की लक्षात येतं, अरे, काचेखालची काळी पट्टी राखेच्या रंगाची झाली की! बंपरचं काळं प्लॅस्टिकही पांढुरकं. पाच-सात वर्षांची गाडी पंधरा वर्षांची वाटायला लागते.

मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतो डिझेल पुसा, कोणी म्हणतो खोबरेल लावा, कोणी बुटाचं पॉलिश सांगतो. यातले काही उपाय पट्टी वाचवण्याऐवजी तिचं आयुष्य कमी करतात. आणि रबर गेलं की प्रश्न फक्त दिसण्याचा राहत नाही. पाणी आत जातं, गालिचा कुजतो, पत्र्याला गंज लागतो, वायरिंगची जोडणी खराब होते. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

आधी ओळखा, कुठली पट्टी कशाची

गाडीवर जे जे काळं दिसतं ते सगळं एकच नसतं. ढोबळमानाने चार प्रकार धरा.

पहिली, काचेखालची बाहेरची पट्टी. काच खाली-वर होताना तिच्यावरचं पाणी आणि धूळ पुसून काढणं हे तिचं काम. 

दुसरं, दाराभोवतीचं पोकळ रबर. मेकॅनिक त्याला बीडिंग म्हणतात. दार लागल्यावर हे दाबलं जातं आणि पाणी, धूळ, आवाज अडवतं. 

तिसरी, काच जिच्यात सरकते ती खाच. हिला चॅनल म्हणतात. आतून मखमलीसारखं अस्तर असतं. 

चौथं म्हणजे रंग न दिलेलं काळं प्लॅस्टिक. बंपरचा खालचा भाग, चाकांवरच्या कमानी, आरशाचं बूड, वायपरखालची जाळी हे सगळं यात आलं.

दाराचं बीडिंग बहुतेक गाड्यांत ईपीडीएम नावाच्या रबराचं असतं. 1960 च्या दशकापासून हे रबर कारखान्यांतून मोठ्या प्रमाणात निघू लागलं. ऊन, पाऊस आणि हवेतला ओझोन ते नैसर्गिक रबरापेक्षा कितीतरी चांगलं सोसतं, म्हणून गाड्यांच्या दारा-खिडक्यांवर त्याचंच राज्य आहे. पण त्याची एक मोठी कमजोरी आहे. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, ग्रीस, इंजिन ऑइल असं कुठलंही खनिज तेल लागलं की हे रबर तेल पितं, फुगतं आणि मऊ पडतं. पुढचं सगळं समजायला एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे.

पांढरं का पडतं?

रबरात आणि काळ्या प्लॅस्टिकमध्ये काजळीची बारीक पूड मिसळलेली असते. रंग काळा येतो तो तिच्यामुळे, आणि उन्हातले अतिनील किरणही तीच अडवते. पण वर्षानुवर्षं ऊन खाऊन वरचा पातळ थर जळतो, खडबडीत होतो. खडबडीत पृष्ठभागावर उजेड विखुरतो आणि आपल्याला तो पांढुरका दिसतो. आतला माल काळाच असतो.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 वर जातो, आणि काळी पट्टी तर हवेपेक्षाही जास्त तापते. रबर मऊ राहावं म्हणून त्यात घातलेली तेलं या उष्णतेने हळूहळू निघून जातात. मग रबर कडक होतं, आकसतं.

प्रत्येक पांढरा डाग मात्र उन्हाचाच असतो असं नाही. बोअरच्या पाण्याने गाडी धुतली आणि पुसली नाही की क्षार बसतात. बॉडीला मेण-पॉलिश करताना ते प्लॅस्टिकच्या दाण्यांत अडकलं की तेही वाळून पांढरं दिसतं. हे दोन्ही डाग निघतात.

ओल्या फडक्याची परीक्षा

पैसे खर्च करण्याआधी ही परीक्षा घ्या. फडकं पाण्यात भिजवून पट्टीवर फिरवा.

पट्टी ओली असताना काळीभोर दिसली आणि वाळल्यावर पुन्हा पांढरी झाली, तर नुकसान वरवरचं आहे. साफसफाई आणि ड्रेसिंगने काम भागेल. ओली असतानाही राखाडीच दिसली, तर थर खोलवर गेलाय. तिथे रंगद्रव्य असलेलं ट्रिम रिस्टोरर किंवा बदली हाच मार्ग.

नखाने हलकेच दाबूनही बघा. रबर परत वर आलं तर जीव आहे. भेगा दिसल्या, तुकडे पडले, कोपऱ्यात आकसून फट पडली, तर कुठलीही बाटली तिला जिवंत करणार नाही. भेग भरणारं ड्रेसिंग नसतं. विकणारा काहीही सांगो.

दाराच्या बीडिंगसाठी कागदाची परीक्षा आहे. वहीच्या कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि कागद ओढा. ताण लागला तर रबर ठीक. कागद अलगद सुटून आला तर त्या जागी रबर चपटं झालंय. दाराभोवती आठ-दहा ठिकाणी असं करून बघा. दुसरी रीत खडूची. रबरावर खडू घासायचा, दार लावून उघडायचं. समोरच्या पत्र्यावर रेघ सलग उमटली पाहिजे. जिथे तुटली तिथे फट.

काय करायचं, क्रमाने

1. गाडी सावलीत लावा, पट्टी थंड होऊ द्या. तापलेल्या रबरावर काहीही लावलं की वाळून डाग पडतात.

2. गाडीचा शांपू पाण्यात घालून पट्ट्या धुवा. कपड्याची पावडर नको, ती जास्त क्षारीय असते. जुना दातांचा ब्रश कोपऱ्यांसाठी उत्तम. रबराची घडी उलगडून आतली माती काढा. ही माती सँडपेपरसारखं काम करते.

3. मळ हट्टी असेल तर ऑल पर्पज क्लीनर एकास दहा पाणी असं पातळ करून ब्रशने घासा आणि लगेच धुवा. क्षारांचे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून फडक्याने पुसा, मग साध्या पाण्याने धुवा. चकचकीत क्रोम किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीवर व्हिनेगर राहू देऊ नका.

4. पूर्ण वाळू द्या. फडक्याला काळा रंग लागायचा थांबेपर्यंत पुसत राहा. घाई करणाऱ्याचं काम इथेच बिघडतं. ओल्या किंवा मळक्या पट्टीवर लावलेलं ड्रेसिंग पहिल्या पावसात ओघळतं.

5. शेजारच्या रंगावर मास्किंग टेप लावा. ड्रेसिंग थेट पट्टीवर फवारू नका. स्पंजच्या तुकड्यावर थोडं घेऊन लावा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि उरलेलं कोरड्या फडक्याने पुसून घ्या. पट्टी हाताला चिकट लागली तर जास्त झालं असं समजा, कारण त्यावर धूळ बसणारच.

6. दुसऱ्या दिवशी हवा असेल तर आणखी एक पातळ हात.

कुठलं ड्रेसिंग?

बाजारात ढोबळ तीन जाती. दुधासारखं पांढरं दिसतं ते पाण्यावर आधारलेलं. चमक कमी, पण रबराला सगळ्यात सुरक्षित. काही आठवडे टिकतं, पावसाळ्यात त्याहून कमी. पारदर्शक आणि तेलकट असतं ते सॉल्व्हंटवालं. लावल्याबरोबर झगमगतं, पण रबरासाठी त्याचा भरवसा नाही. तिसरी जात कोटिंगची. हे प्लॅस्टिक ट्रिमवर घट्ट बसतं आणि महिनोन्‌महिने टिकतं, पण खालची सफाई अगदी चोख लागते. चुकून रंगावर वाळलं तर काढताना घाम फुटतो.

दाराच्या बीडिंगला चमक लागतच नाही. त्याला सिलिकॉन ग्रीस किंवा सिलिकॉन स्प्रे पुरे. फडक्यावर घेऊन अगदी पातळ फिरवायचं. रबर मऊ राहतं, दार चिकटत नाही, कुरकुर थांबते. साधं ग्लिसरीनही चालतं. हा जुना, स्वस्त आणि रबराला अपाय न करणारा उपाय आहे, फक्त ते पाण्यात विरघळतं म्हणून पुन्हापुन्हा लावावं लागतं.

काचेच्या चॅनलमध्ये तेलकट काही घालू नका. मखमलीत धूळ चिकटते आणि काच सरकताना तिच्यावर उभ्या रेघा पडतात. ओल्या फडक्याने चॅनल साफ करून कोरडा सिलिकॉन स्प्रे नळीने थोडासा मारा. समोरच्या काचेवर सिलिकॉन उडू देऊ नका, पावसात वायपर फिरला की धुकं धरल्यासारखं दिसतं. आणि गाडीला रंगकाम करायचं असेल तर पेंटरला आधी सांगा. सिलिकॉन राहिलेल्या पत्र्यावर नव्या रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

हे करू नका

डिझेल, रॉकेल, जळकं ऑइल: दोन दिवस चमक, नंतर रबर फुगतं आणि ढिलं पडतं. कारण वर सांगितलंच.

व्हॅसलीन: तेही खनिज तेलापासूनच बनतं. ओठांना चालतं, ईपीडीएमला नाही.

खोबरेल: धूळ ओढतं, उन्हात चिकट होतं, वास मारतं.

बुटाचं पॉलिश: मेण आणि सॉल्व्हंट. पावसात ओघळतं, आणि लग्नाला निघालेल्या माणसाच्या पांढऱ्या सदऱ्यावर उमटतं.

टायर पॉलिश: टायरवरच ठेवा.

हीट गन: काळ्या प्लॅस्टिकवर गरम हवा मारली की वरचा थर वितळून रंग जादूसारखा परत येतो. हे खरं आहे. पण ते तात्पुरतं असतं, हात जरा थांबला की प्लॅस्टिकचे दाणे वितळून डाग कायमचा राहतो. रबरावर, काचेजवळ आणि रंगाजवळ तर अजिबात नको.

बेगम बाजारात काय, बाहेर काय

बेगम बाजार हा घरगुती आणि घाऊक मालाचा बाजार. मायक्रोफायबर फडकी, ब्रश, स्पंज, स्प्रे बाटल्या, हातमोजे, टेप ही सफाईची सगळी तयारी इथे डझनाच्या भावात जमते. दोन-तीन घरांनी मिळून घेतली तर स्वस्त पडते. एक फडकं धुण्याचं, एक पुसण्याचं, एक ड्रेसिंगचं, असं वेगळं ठेवा.

मॉडेलप्रमाणे येणारं बीडिंग आणि काचपट्ट्या मात्र गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानांतच बघा. सिकंदराबादचं राणीगंज त्यासाठी ओळखीचं आहे. जुन्या, उतरवलेल्या भागांसाठी लोक बेगम बाजाराला लागूनच असलेल्या गोशामहल भागात चौकशी करतात. जुना आरसा किंवा जुना दिवा घ्यायला हरकत नाही, पण जुनं रबर घेऊ नका. दुसऱ्याच्या दारावर दहा वर्षं दबलेलं बीडिंग तुमच्या दारावर नव्याने फुगणार नाही.

दुकानदार विचारेल, "ओरिजिनल होना या लोकल?" तेव्हा गोंधळू नका. मॉडेल आणि साल सांगा, शक्य असेल तर जुन्या पट्टीचा वीतभर तुकडा सोबत न्या. मीटरवर मिळणारं बीडिंग घ्यायचं असेल तर दोन मापं जुळली पाहिजेत. एक, पोकळ नळीची जाडी. दुसरं, पत्र्याची कड ज्या खाचेत बसते तिची रुंदी. नळी जाड झाली तर दार लागत नाही, बारीक झाली तर पाणी अडत नाही. तुकडा हातात घेऊन दुमडा. चांगलं रबर दुमडून लगेच सरळ होतं. वळ तसाच राहिला, प्लॅस्टिकसारखा उग्र वास आला, फार चकाकलं तर ते पीव्हीसी असण्याची शक्यता. आपल्या उन्हात ते लवकर कडक होतं.

बसवताना सांधा नेहमी दाराच्या चौकटीच्या तळाला घ्या, वर नाही. रबर ताणून बसवू नका. ताणलेलं रबर महिन्याभरात आकसतं आणि कोपऱ्यात फट पडते. कोपऱ्यांवर उलट जरा सैल सोडा.

जुन्या पद्मिनी, ॲम्बेसेडर, पहिल्या मारुती 800 यांची समोरची काच रबराच्या चौकटीतच बसवलेली असायची. तिथे रबर गेलं की काच गळायची. आजच्या गाड्यांची समोरची काच चिकटद्रव्याने पत्र्याला जोडलेली असते, कडेचं रबर बहुतांशी दिसण्यापुरतं. नव्या गाडीची समोरची काच गळत असेल तर वरचं रबर बदलून उपयोग नाही. काच काढून पुन्हा चिकटवावी लागते, आणि ते जाणकाराचंच काम.

रबर बदललं, तरी पाणी आत?

हा अनुभव आमच्या घरातला. गेल्या पावसाळ्यात गाडीच्या मागच्या दाराजवळ गालिचा ओला व्हायला लागला. बीडिंग बदललं, तरी ओला. काचपट्टी बदलली, तरी ओला. दोनदा खर्च झाला आणि गाडीत कुबट वास बसला. शेवटी एका जुन्या मेकॅनिकने दाराचं आतलं पॅड उघडलं. आत पत्र्याला चिकटवलेली प्लॅस्टिकची शीट फाटलेली. आधी कधीतरी स्पीकर बसवताना कोणीतरी ती ओढून काढली होती आणि तशीच सोडली होती. चिकटपट्टी नवी लावून शीट बसवली, गळती थांबली. 

यातली गंमत अशी की काचेखालची पट्टी पाणी पूर्ण अडवतच नाही. थोडं पाणी दाराच्या पोटात जाणारच, आणि दाराच्या तळाशी असलेल्या बारीक भोकांतून ते बाहेर पडावं अशीच रचना असते. भोकं मातीने बुजली की पाणी दारात साठतं, पत्रा आतून सडतो. शीट फाटली की ते आत गालिच्यावर येतं. म्हणून मृगाच्या आधी चारही दारांची ही भोकं काडीने मोकळी करा. वायपरखालच्या जाळीतला पाचोळाही काढा.

पुढच्या बाजूला डावीकडे पाय ठेवायची जागा ओली असेल आणि पाऊस नसतानाही ओली होत असेल, तर संशय एसीच्या पाण्याच्या नळीवर घ्या. रबराचा तिथे संबंध नाही.

गळती शोधताना एक जण आत बसावा, दुसऱ्याने साध्या नळीने खालून वर असं हळूहळू पाणी सोडावं. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा मारला तर चांगल्या रबरातूनही पाणी जातं, निदान चुकतं.

हैदराबादची जुनी गाडी घेताना

आपल्याकडचे बरेच जण हैदराबादेत जुनी गाडी बघतात. तेव्हा रबर बघा, ते खूप काही सांगतं. तीन दारांचं बीडिंग जुनं आणि एकाचंच कोरं असेल तर त्या दाराला काय झालं होतं ते विचारा. सगळ्या पट्ट्या एकसारख्या ओल्या-काळ्या, हाताला चिकट असतील तर सकाळीच फवारा मारलाय. ओल्या फडक्याने आणि शांपूने एक कोपरा पुसून खरा रंग बघा.

ऑक्टोबर 2020 च्या अतिवृष्टीत हैदराबादच्या कितीतरी वस्त्यांत गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. म्हणून बीडिंग थोडं उचलून खाचेत गाळाची रेघ आहे का पाहा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला चिखलाचा डाग आहे का बघा. गालिच्याखाली हात घाला. बाहेरून चमकवणं सोपं असतं, पण बीडिंगच्या खाचेतला गाळ काढायचं सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

कागदाचंही सांगून ठेवतो. दुसऱ्या राज्यातली गाडी आपल्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथे नव्याने नोंदणी लागते, आणि त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी हवी. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे तपासणी करून नूतनीकरण. गाडी किती वर्षांची आहे हे मोजूनच तिच्या रबरावर किती खर्च करायचा ते ठरवा.

वर्षाचं गणित

होळीच्या सुमारास एकदा सफाई आणि ड्रेसिंग, म्हणजे उन्हाळा सोसतो. मृगाआधी कागदाची परीक्षा, भोकं मोकळी आणि बीडिंगला सिलिकॉनचा हात. दिवाळीला पुन्हा एकदा सफाई. तीनदा मिळून दीड दिवसाचं काम. जमेल तेव्हा गाडी सावलीत लावा, नाहीतर निदान दिशा बदलत राहा. रोज एकाच बाजूने ऊन लागलं की त्या बाजूच्या पट्ट्या आधी जातात.

पुढच्या वेळी बेगम बाजाराला निघालात की सामानाच्या यादीत शेवटी चार ओळी वाढवा: फडकी, ब्रश, टेप, ग्लिसरीन. डिझेलची बाटली घरीच ठेवा.